इन्सुलिनची सव्वीस खोकी

३ मार्च
"बाबा, तुझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही का?" – इति आमची लेक.
एकवीस वर्षं औषधांच्या गोदामात डिस्पॅच सांभाळला. औषधं आली, औषधं गेली. मग गोदाम बंद झालं आणि मीही गेलो. घडलं ते एवढंच! पण हल्ली मुलाखतीत म्हणे कामाचं कोणी विचारत नाही, गोष्ट विचारतात. आधी संकट, मग मी काय केलं, मग शेवट गोड. पूर्वी अशाने पोरं झोपवायचे. आता पन्नाशीचे बाप कामाला लावतात.

४ मार्च
सापडली एक! तीन वर्षांपूर्वी भर दुपारी शीतगृह बंद पडलं होतं. आत इन्सुलिनची सव्वीस खोकी. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "समोरच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये टाकू." (त्याला सगळे पैलवान म्हणायचे, कारण पंखा लावला तरी उडेल असा.) टाकली. संध्याकाळी शीतगृह सुरू, खोकी परत, मॅनेजरने पाठ थोपटली.
लेक खूश. "पण यात तू काय केलंस?"
"खोकी मोजली."
तिने कपाळाला हात लावला.

९ मार्च
रोज तालीम. "सारखं आम्ही-आम्ही काय करतोस? मोर्चा होता का?" पैलवानाला आधी 'एक सहकारी' केलं, मग 'माझी टीम'. आज तो गोष्टीत नाहीच. आइस्क्रीमवाल्याला मात्र काढता येईना – फ्रीझर त्याचा!

१४ मार्च
कुरिअरवाल्यांकडे मुलाखत. म्हणे, "तुमचं एखादं अपयश सांगा." माझ्याकडे गोष्ट एकच! तीच उलटी करून घातली – शीतगृह माझ्याच हलगर्जीपणाने बंद पडलं, मग मी धडा घेतला वगैरे. सांगता सांगता दोनदा माफीही मागितली. नोकरी नाही दिली ती नाहीच.
घरी येईपर्यंत खरंच अपराधी वाटत होतं. पण चूक शीतगृहाच्या मेकॅनिकची होती ना? की माझी?

१५ मार्च
शेवटी बायकोला विचारलं, फ्रीझरची कल्पना कुणाची होती?
"पैलवानाची! आणि तुम्ही घरी येऊन काय चिडला होतात! म्हणे औषधं काय आइस्क्रीमशेजारी ठेवतात? मी नको नको म्हणत होतो, कुणी ऐकलं नाही."
"मी? नको म्हणालो?"
"नाहीतर काय मी होते तिथे?"
मला हे काहीच आठवत नाही. मला फक्त खोकी उचलून धावणारा मी आठवतोय. तो तर लेकीने परवा गोष्टीत घातला!

१६ मार्च
बायको खोटं कशाला बोलेल?

२३ मार्च
मोठ्या औषध कंपनीत मुलाखत. इथे लागलो नाही तर आता कुठेच नाही. सगळी गोष्ट एकट्याने ओढली, सव्वीसही खोकी एकट्याने वाहिली. समोरची दोन तरुण मुलं माना डोलावत होती. तिसऱ्या, फार्मासिस्ट बाई, पूर्ण वेळ वहीत लिहीत होत्या. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "आइस्क्रीमचा फ्रीझर म्हणजे शून्याच्या बराच खाली. इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून जातं. ती खोकी नष्ट केलीत ना?"
"अर्थात!" म्हणालो. इतक्या सफाईने, की मलाही पटलं.
बाई पहिल्यांदाच हसल्या. "मग हे आधी सांगायचं ना! खरी जबाबदारी तर तीच."
नष्ट केली होती? खोक्यांवर पांढरं धरलेलं तेवढं आठवतंय, आइस्क्रीमच्या डब्यावर धरतं तसं. पुढचं नाही. हे पांढरं तरी खरं, की तेही आता बाईंनी विचारल्यावर आलं? लेकीला विचारून उपयोग नाही. ती म्हणेल, "छान आहे बाबा, राहू दे."

२८ मार्च
नेमणुकीचं पत्र आलं. लेक घरभर नाचली. मी गॅलरीत जाऊन पैलवानाला फोन लावला.
"नष्ट? छे हो, साहेब! त्याच संध्याकाळी दवाखान्यांत पोचवली की मी. सव्वीसच्या सव्वीस. डिस्पॅचच्या कागदावर सही तुमचीच होती."