डाव्या मांडीवरचं मलम

सावाई,
६ जून १९८८

ती. फुआतिनो ताईस,
सिलाओचा शि. सा. न. वि. वि.

परतीचं विमान चुकलं नाही, मीच गेलो नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

तेपोरा मावशीच्या तालोसागाला वर्षाअखेरीस घराण्याची पदवी मिळणार आहे. त्याआधी त्याला पेआ गोंदवून घ्यायचाय, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, पुरता. एकट्याने बसायची पद्धत नाही, जोडीदार लागतो, हे तुला काय सांगायचं! त्याच्या ठरलेल्या जोडीदाराने ऐन वेळी सासऱ्यांना विचारलं, सासरे नाही म्हणाले. रविवारी जेवणं झाल्यावर मावशीने विचारलं की आता कोण बसणार. मी तेव्हा तिसऱ्यांदा पालुसामी वाढून घेत होतो. (तारोची पानं इतकी कोवळी होती म्हणून सांगू! आमच्या जहाजावरचा स्वयंपाकी पालकात टिनचं दूध घालून तेच आहे म्हणायचा. त्याला एकदा समुद्रात ढकलणार होतो, पण ते राहू दे.) मान वर केली तर सगळे माझ्याकडेच बघत होते. तोंडात घास, म्हणून नुसती मान हलवली. मावशीने लगेच टाळ्या वाजवल्या.

खोटं कशाला बोलू, मलाही हवंच होतं. एवढी बंदरं हिंडलो, कुठला म्हणून विचारलं की तोंडाने सांगावं लागतं.

वीस तारखेपासून बसायचंय. मावशी चटया, डुकरं आणि टिनचं मांस गोळा करतेय आणि मला दिवसातून चारदा विचारते की पळून तर जाणार नाहीस ना. मला भारी राग येतो. सगळे हेच का विचारतात?

तुझा लोभ आहेच. हे पत्र वाचून झाल्यावरही थोडा शिल्लक ठेव.

तुझा,
सिलाओ

ऑकलंड,
१५ जून १९८८

चि. सिलाओ यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्याच्या दुप्पट शिव्या.

सगळे हेच का विचारतात म्हणे! सुतारकामाची शाळा आठ महिन्यांत सोडलीस. सफरचंदाच्या बागेतून अर्ध्या हंगामात उठून आलास. माझ्या स्वयंपाकघरातलं फडताळ अजून एका खिळ्यावर लोंबतंय, तुझे दाजी त्याच्याखालून वाकून जातात आणि रोज तुझं नाव घेतात.

ते सगळं चाललं, कारण नुकसान तुझं होतं. पेआ तुझ्या एकट्याचा नाही. अर्ध्यावर उठलास तर लोक तुला नाही, आपल्या आईला नावं ठेवतील, आणि उत्तर द्यायला ती आता नाही. तालोसागाच्या पदवीलाही डाग लागेल, त्याचा जोडीदार पळाला म्हणून. तेव्हा पहिला ठोका पडायच्या आत नाही म्हण, नाहीतर शेवटचा पडेपर्यंत हलू नकोस.

दुसरं. रोजच्या कामानंतर वाएगा काका तुला समुद्रात नेऊन ती ताजी गोंदलेली कातडी मळतील. मळू देऊ नकोस. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात नऊ वर्षं चादरी धुतेय मी, जखम म्हणजे काय ते मला कळतं. आमच्या देवळातल्या बाई तिकडे येतायत, त्यांच्याबरोबर मलमाच्या तीन नळ्या आणि चिकटपट्टी पाठवतेय. जाड थर दे, वर पट्टी लाव, हवा लागू देऊ नकोस. मावशीला सांगू नकोस. न्यूझीलंडला जाऊन शहाणी झाली म्हणेल.

जीव टांगणीला लावून बसलेली,
तुझी ताई

सावाई,
२६ जून १९८८

ती. ताईस,
पालथा पडून केलेला शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिला ठोका पडून दोन दिवस झाले होते. म्हणजे आता शेवटचा पडेपर्यंत हलायचं नाही, तेच लागू.

गोंदणारे लाफाएले तुफुगा बोलत नाहीत. डुकराच्या दाताची फणी काजळीत बुडवतात, वरून काठीने ठोकतात, टक टक टक, एका चालीत. दोघं जण कातडी ताणून धरतात. मावशी उशाशी बसून गाते. तिला म्हटलं की मावशी, काठीचं सोसेन पण तुझा तो वरचा सूर नको, तर तिने आणखी वरचा लावला. तालोसागा माझ्या आधी बसतो आणि हूं की चूं करत नाही. फार राग येतो त्याचा.

पण ठोक्यांपेक्षा जाच आहे तो नंतरचा. एकटं कुठे जायचं नाही म्हणजे नाही. संडासलासुद्धा कुणीतरी बरोबर! एकट्याला गाठून काहीतरी बाहेरचं अंगाला लागतं आणि गोंदण नासतं, असं मावशी शपथेवर सांगते. दाढी नाही, गळ्यात फुलं नाहीत, उशी नाही. ताई, मी अकराव्या वर्षापासून एकटा हिंडतोय. परवा नुसता रस्त्यावर बस कुठली आली बघायला उठलो, तर चार माणसं उठली.

काका सकाळ-संध्याकाळ पाण्यात उभं करून कणीक तिंबावी तसे तिंबतात. आत साचलेलं सगळं बाहेर गेलं पाहिजे, म्हणतात. मी तुझं ऐकून डाव्या मांडीला हात लावू दिला नाही, फार दुखते म्हणालो. तिथे मलम लावून पट्टी मारलीये, वर लुंगी. एकदम गार वाटतं. पाठ आणि उजवी मांडी मात्र काकांच्या ताब्यात.

बुधवारी धक्क्यावर जाणारी बस असते. नुसतं सांगितलं.

लोभ वाढवलास तर आत्ता उपयोगी पडेल.

तुझा,
सिलाओ

सावाई,
५ जुलै १९८८

ती. ताईस,
सा. न.

काम थांबलंय. डावी मांडी सुजली, ताप आला, पट्टी काढली तर खालची कातडी पांढरी फटक आणि पाणी वाहतंय. पट्टी मी काढली, आधी. तुफुगांनी बघितलं, फणी पुसली आणि विचारलं की काय केलंस. मी त्यांना काहीतरी सांगितलंय. मावशी तुला लिहील, ती लिहील तेच खरं धर.

बेंबीपर्यंतचं सगळं माझं अजून व्हायचंय. तालोसागाची फक्त शेवटची बेंबी राहिलीये, आणि तो शहाणा म्हणतो की मी बसल्याशिवाय तो बसणार नाही. त्याला म्हटलं, तू उरकून घे ना बाबा. तर पाठ फिरवून झोपला. आता त्याची आई माझ्याशी बोलत नाही आणि त्याच्याशीही.

आज बुधवार नाही, उद्या आहे.

मलम संपलं, आणखी पाठवू नकोस.

सिलाओ

ऑकलंड,
१४ जुलै १९८८

ती. तेपोरा मावशीस,
फुआतिनोचा शि. सा. न. वि. वि.

सिलाओने तुम्हांला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ते खरं नाही. मलम मी पाठवलं. काकांना हात लावू देऊ नकोस, असं मीच लिहिलं. आज वॉर्डातल्या नर्सला नळी दाखवली तर तिने कपाळावर हात मारला. हे ओल्या जखमेवर लावायचंच नसतं, कोंडून सडते, म्हणाली. नऊ वर्षं मी चादरीच धुतल्या, मावशी, जखम एकही नाही.

तुफुगांना माझं नाव सांगा. गावापुढे सांगायचं असेल तर गावापुढे सांगा. त्याला पळपुटा म्हणू नका. आणि तो आहे का तिथे, एवढं मात्र लगेच कळवा.

आपली अपराधी,
फुआतिनो

सावाई,
२५ जुलै १९८८

चि. फुआतिनो हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा भाऊ इथेच आहे. माझं डोकं खायला कुठे जाईल!

मलमाच्या नळ्या मला दुसऱ्याच दिवशी सापडल्या, फणसाच्या झाडामागे पुरल्या होत्या. पुरता येत नाही तर पुरावं कशाला? पण तोवर त्याने तुफुगांपुढे सांगून टाकलं होतं की दुपारी सगळे झोपलेले असताना तो एकटाच पाण्यावर गेला आणि काहीतरी पायाला लागलं. तुफुगांनी मान डोलावली. मी माझ्या लग्नात आलेली बारीक विणीची चटई काढली. ती डोक्यावर घेऊन हा माफी मागायला अख्खी सकाळ त्यांच्या दारात उन्हात खाली मान घालून बसला, अंगात ताप असताना. येणारेजाणारे बोलत होते. आईला हेच शिकवता आलं का, असंही एक जण बोलला. याने मान वर केली नाही. तुझं नाव घेतलं असतं तर सावलीत बसला असता.

मग काकांनी त्याला दिवसातून तीनदा समुद्रात तिंबलं. ओरडणं शाळेपर्यंत ऐकू जायचं, मास्तरांनी निरोप पाठवला की मुलांची बेरीज चुकते. दोन बुधवार गेले. बस आली की हा रस्त्याकडे तोंड करून बसायचा आणि बस गेली की जेवायला यायचा. मांडी भरून आली, राहिलेलं गोंदून झालं. शुक्रवारी दोघांच्याही बेंब्या झाल्या, आधी सिलाओची, मग माझ्या हट्टी पोराची. काल सांगतेला दोघांच्या डोक्यावर अंडी फोडली, हळद आणि तेल चोळलं. तेव्हापासून तुझा भाऊ लुंगी वर खोचून रस्त्याने येरझाऱ्या घालतोय. गावात बघायचं कुणी राहिलं नाही आता.

तुझं पत्र मी चुलीत घातलं. मला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नकोस. जन्मात एकदा तो काही पोटात ठेवून बसलाय, ते त्याच्याकडेच राहू दे.

पुन्हा कुणाला औषध पाठवलंस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
तेपोरा मावशी

ऑकलंड,
३ ऑगस्ट १९८८

श्री. सिलाओ यांस,
सा. न. वि. वि.

चि. लिहून खोडलं. आशीर्वादाऐवजी नमस्कार लिहायला जड गेलं, पण लिहिला.

मावशीचं पत्र आलं. भरदुपारी एकटा पाण्यावर गेलास म्हणे! काय म्हणावं तुला? सगळे घसा फोडून सांगतात की एकटं जाऊ नकोस, आणि हा आपला चालला. मावशीची लग्नातली चटई गेली, काकांचे खांदे गेले, तालोसागा तुझ्यापायी ताटकळला. असला मूर्खपणा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, दाजींनाही तसं सांगितलं. त्यांना पूर्ण ऐकवता आलं नाही, मध्येच मला उठून आत जावं लागलं.

तू म्हणालास तसं मावशीने लिहिलं तेच खरं धरलंय.

आता कुठे जायचं ते जा. पाण्यातून आल्यावर तेल लावत जा, काका सांगतील तेवढंच. माझ्याकडे आलास तर पुढच्या दाराने ये, बाहेरच्या खोलीत चांगली चटई अंथरून ठेवते. आणि सिलाओ, धाकट्याने मोठीकडे लोभ मागायचा असतो. या खेपेला मी मागते, कमी करू नकोस.

तुझी ताई,
फुआतिनो