उजव्या स्पीकरची उलटी वायर

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. तब्येत ठणठणीत असेल आणि राग त्याहून ठणठणीत असेल, असं धरून चालतो. तुम्ही आमच्या घरात पाय ठेवल्याला अकरा वर्षं झाली (गेल्या वर्षी आई गेली, तेव्हाही तुम्ही फाटकातूनच मागे फिरलात), तेव्हा माझं अक्षर बघून पाकीट फेकायचा विचार मनात आला असेलच. तेवढं करू नका. आम्ही सगळे मजेत, असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? मला भीती वाटते आहे.

कॉम्प्युटरला स्पीकर हवे होते, एवढंच निमित्त. हिचं म्हणणं, दुकानात जा, खोका उचला, वायर खोचा आणि गाणी ऐका. मी म्हटलं, ज्याच्या बापाने जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, त्याने तयार स्पीकर आणायचे? छे! मी सुटे भाग मागवले. दोन गोल स्पीकर, एवढासा अ‍ॅम्प्लिफायर, कापलेल्या फळ्या, स्क्रूची पुडी आणि जोडणीचा कागद. फळ्यांना गम लावला तर फळ्या सुट्या राहिल्या आणि बोटं चिकटली. सोल्डरिंग करताना टेबलक्लॉथला भोक पडलं (हिला अजून सांगितलेलं नाही, त्यावर फुलदाणी ठेवली आहे). डावा स्पीकर पहिल्या दिवशी कागद बघून जोडला. दुसऱ्या दिवशी कागद सापडेना, म्हणून उजवा हाताच्या सवयीने जोडला, आणि तिथेच घोळ झाला. बाबांकडे एकदा लाल वायर संपली, त्यांनी अडल्या वेळी काळी अधिकला लावली, आणि तेव्हापासून त्यांच्या दुकानात काळी म्हणजे अधिक आणि लाल म्हणजे वजा. सगळ्या जगाच्या उलट! मी शिकलो ते त्यांच्याच हाताखाली. आता एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि जो आवाज बरोबर मधून यायचा, त्याला दोघं मिळून खाऊन टाकतात. हे सगळं मला मागाहून कळलं.

पहिल्यांदा लावलं ते आईच्या निवृत्तीच्या, अकरा वर्षांपूर्वीच्या समारंभाचं रेकॉर्डिंग. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर मधोमध उभे राहून बावीस मिनिटं बोलले होते (तुम्ही वाचलात). बटण दाबलं, तर डॉक्टर गायब! भरलेला हॉल तेवढा ऐकू येत होता. खुर्च्या करकरत होत्या. कुणी न केलेल्या विनोदाला लोक हसत होते, कुणी न बोललेल्या वाक्याला टाळ्या वाजवत होते. मी आपला हसतोय, म्हटलं बरी अद्दल घडली डॉक्टरांना. तेवढ्यात डावीकडून, अगदी कानाशी, आई बोलली. वॉर्डात पेशंट जागा होऊ नये म्हणून बोलायची ना, तशी दबक्या आवाजात. "दादा आला का रे?"

मी खुर्चीसकट मागे गेलो. ही ओल्या हातांनी धावत आली, तिनेही ऐकलं, आणि ओले हात पदराला पुसत राहिली. मग सावरून म्हणाली, रेकॉर्डरच आईंच्या पुढ्यात होता, आवाज आला त्यात नवल काय? कागदही तिनेच शोधला आणि उलटी वायर दाखवली. दोन मिनिटांचं काम होतं. मी हात लावू दिला नाही. आईचा आवाज आमच्याकडे आणखी कुठेही नाही, मामा.

पण सोमवारी त्याच रेकॉर्डिंगमध्ये आईने तीनदा विचारलं होतं. गुरुवारी चारदा. ही म्हणाली, तुम्हाला धड मोजताही येत नाही, आणि परवा स्वतः कागद-पेन्सिल घेऊन बसली. पाच रेघा ओढल्या, कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला, आणि दुकानातून तयार स्पीकर घेऊन आली. त्यांवर डॉक्टर खणखणीत बोलतात, पूर्ण बावीस मिनिटं. आई एक अक्षर बोलत नाही. माझे स्पीकर येत्या रविवारी मोडायचे, असं हिने ठरवलं आहे. त्याआधी या. एकदा ऐका. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. तयार स्पीकर चांगले की घरी केलेले, हे विचारायला मी पत्र लिहितो आहे, असं हिला सांगितलं आहे. आलात की काहीतरी मत द्या.

ता.क. दुसरा. तुम्ही म्हणाल, जिने समारंभाचं साधं बोलावणं धाडलं नाही, ती माझी वाट कशाला बघेल? आईने विचारलं की लगेच एक तरुण आवाज उत्तर देतो, "येतील गं, पत्र टाकलंय मी." तो आवाज माझा आहे.

ता.क. तिसरा. टाकलं नव्हतं. सोल्डरची तार शोधताना बाबांच्या हत्यारांच्या पेटीत, तळाशी सापडलं. सोबत पाठवतो आहे. पाकीट आईने बंद केलेलं आहे, मी उघडलेलं नाही. बोलावूनही तुम्ही आला नाहीत, असंच समजून ती गेली. परवा तिने पाचव्यांदा विचारलं, तेव्हा रेकॉर्डिंगमधला मी काहीच बोललो नाही. तिथे ती अजून थांबून आहे, मामा. या.