लॉबीतला पाय

प्रिय अंजू,

तुझी मैत्रीण चैताली शुक्रवारी दुबईला परत निघते आहे, तिच्याच हाती हे पत्र देतो. फोनवर तू "पप्पा, मी बघते" म्हणून माझं बोलणं मिटवतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

इराणच्या कबड्डी लीगमध्ये पंच म्हणून माझी निवड झाली, तेव्हा कॉलनीने समाजमंदिरात सत्कार केला. फलकावरचं 'आंतरराष्ट्रिय' मी तिथल्या तिथे दीर्घ करायला लावलं. तुझी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "घरात कोण बाद, हे सांगायला यांना शिट्टीही लागत नाही." फार हसले लोक. त्या शालीची घडी अजून मोडलेली नाही.

तुला माहीत आहे, सिन्नरच्या कारखान्यात पाळ्या करत, शब्दकोश शेजारी ठेवून मी इंग्रजी नियमपुस्तक वाचलं. कोणी शिकवलं नाही. आणि आता बँकेतले साहेब सांगतात, त्या देशावर आर्थिक निर्बंध आहेत, तिथलं मानधन तुमच्या खात्यात येणार नाही. भांडण सरकारांचं, अडकली माझी शिट्टी. बिनपगारी रजा काढून फुकट पंचगिरी करणं घराला झेपणारं नाही.

तिथले सचिव भले गृहस्थ आहेत. दुबईत कुणी आपलं असेल तर तिथल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मानधन त्यांच्या खात्यात भरतो, म्हणाले. आईने कौतुकाने तुझा फोन नंबर दिला आणि तू लगेच हो म्हणालीस. मला हे नंतर कळलं.

लहानपणी तू माझ्याबरोबर मैदान आखायला यायचीस. कडेच्या पट्ट्यात, लॉबीत, झटापट सुरू होण्याआधी पाय पडला की खेळाडू बाद. हेतू चांगला होता, हे पंच ऐकून घेत नाही. तिकडची बँक तरी का घेईल? खातं गोठवलं, नोकरीवर आलं, व्हिसा गेला, तर तू परक्या मुलखात दाद कोणाकडे मागशील?

म्हणून मी सचिवांना आजच कळवलं, येत नाही. तरी त्यांचा तुला फोन येईल, पप्पांना समजाव म्हणतील. खात्याचा नंबर देऊ नकोस. माझी शपथ घालत नाही, नियम सांगतो आहे. आईला अजून बोललेलो नाही. ती माझ्या प्रवासाच्या बॅगेत लोणच्याची बरणी आडवी बसते का, ते बघते आहे. रविवारी हरसूलला सामने आहेत. तीच बॅग घेऊन जाईन.

तुझाच,
पप्पा