काठोकाठ बर्फ

३ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तब्येत ठीक, डोकं मात्र ठिकाणावर नाही. रक्तातली गुठळी विरघळवणारं एन्झाइम मी वर्षभर खपून शुद्ध केलं, आणि आता रोज सकाळी त्याचा जोर कमी झालेला दिसतो. प्रयोगशाळेचा फ्रीज बिघडलाय, म्हणून संध्याकाळी नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवून जाते. पेटीत खोट नाही, सकाळी बर्फ काठोकाठ असतो. मग खोट माणसातच. शेजारच्या टेबलावरचा लंबू माझ्या आधी येतो, माझ्यानंतर जातो. आमच्या दोघांत पुढची शिष्यवृत्ती एकालाच मिळणार आहे. सगळ्यांशी गोड बोलतो, तेच मला खटकतं.

तुमच्या कारखान्याच्या साबणातलं एन्झाइम गरम पाण्यातही तग धरतं, हे ऐकवू नकोस. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

ऐकवणारच. आमचं एन्झाइम मळ खातं, तुझं मात्र डोकं खातंय. पण थट्टा पुरे. कारखान्यात अशाच एका गोडबोल्याने माझी बढती पळवली. तोंडावर विचारशील तर तो कानांवर हात ठेवेल. जाताना झाकणावर बारीक दोरा चिकटव. तुटला की सरळ तुमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या कानावर घाल. तुझी वहिनी म्हणते, आधी त्यालाच विचारावं. ती भोळी आहे.

जेवणाची हेळसांड नको. इथे तुझी काळजी करणारी माणसं आहेत, एवढं ध्यानात ठेव.

तुझा दादा

२१ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

दोरा रोज तुटलेला सापडला. बाईंनी विचारताच त्याने पेटी उघडल्याचं कबूल केलं. पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही. त्याला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, शिष्यवृत्ती मला मिळाली. मी खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दोरा शाबूत होता आणि पेटीत नुसतं पाणी. एन्झाइम पार वाया गेलं. झाकण नीट बसतच नाही. बर्फाच्या यंत्रावरच्या मावशी म्हणाल्या, की तो रोज घरी जाताना आणि सकाळी आल्याबरोबर माझ्या पेटीसाठी बादलीभर बर्फ न्यायचा. जेवढा जोर टिकला तेवढा त्याच्यामुळे, आणि मी त्यालाच चोर ठरवलं. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणतात, झालं ते झालं, आता उकरून काढू नकोस.

काल तो जिन्यात भेटला. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, की फ्रीज अजून बंद असेल तर बर्फ वेळेवर भरला जातोय ना. मी हो म्हणाले. माफीचा शब्द काही फुटला नाही. दादा, मला माझीच लाज वाटते. लोभ कर असं लिहायला आज हात धजत नाही.

चिमी