माझ्या डोक्याचं ऑपरेशन

२ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. ऑपरेशन करून घ्यायचं. रोज मरे त्याला कोण रडे, तसं माझ्या डोक्याचं झालंय. एका लेखात वाचलं: कपाळातल्या आवळलेल्या नसा सर्जन मोकळ्या करतो आणि मायग्रेन जातं. 'काही रुग्णांना' उपयोग होतो असं लिहिलंय. ते काही रुग्ण म्हणजे मीच. पुढचा लेख वाचला नाही, डोकं उठलं होतं.

उठणारच. लिफ्ट बंद पडली की लोक आमच्या कंपनीत फोन करतात आणि तक्रार विभागाचा प्रमुख मी. दिवसभर अडकलेल्या माणसांचं ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा. ऐकून घ्यावं तर मीच, असं साहेबसुद्धा म्हणतात.

हिला निर्णय सांगितला. ही ओट्याला टेकून डोळे मिटून उभी होती. 'हं' म्हणाली. नवऱ्याच्या डोक्यावर सुरी चालणार आणि बायको 'हं' म्हणते.

५ फेब्रुवारी, गुरुवार
डोकेदुखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, कुठे कापायचं तेवढं ठरवू. त्या म्हणाल्या, ते शेवटचं. बहुतेकांना लागतही नाही. आधी औषधं, मग कपाळात इंजेक्शन देऊन बघायचं, त्यानं फरक पडला तर सर्जनचा विचार. आणि सगळ्यांच्या आधी एक तक्ता. कधी दुखलं, कुठली बाजू, किती तास, उलटी, उजेडाचा त्रास. सहा आठवडे भरायचा.

भरणार. एक रकाना मोकळा सोडणार नाही. तक्ता फ्रिजवर लावला, शेजारी पेन दोरीनं बांधलं. शिस्त म्हणजे शिस्त.

८ फेब्रुवारी, रविवार
तक्ता भरायचा राहिला. आज दुखलंही नाही. रविवारी दुखत नाही, हे माझ्या मायग्रेनचं एक गूढ आहे. उद्या सगळं एकदम भरू.

ही भर दुपारी पडदे लावून झोपली. मला टीव्ही आवाज बंद करून बघावा लागला. घरात आजारी माणूस असताना दुसऱ्यानं इतकं झोपू नये. पण बोललो नाही. माझा स्वभावच सोसण्याचा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसात जाहीर केलं. 'मेंदूचं ऑपरेशन' म्हटलं. कपाळामागे मेंदूच असतो, यात खोटं काय? शेजारच्या टेबलावरची टाचणी (सारखी टोचते म्हणून हे नाव) म्हणाली, सापडला तर कळवा. साहेबांनी मात्र लगेच लिफ्टच्या वार्षिक तपासणीच्या कामातून माझं नाव काढलं आणि तारीख विचारली. मार्चअखेर, असं सांगून टाकलं. आता माघार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
गहिवरून आलं. सहज फ्रिजकडे बघितलं तर तक्ता भरलेला. हिच्या अक्षरात. डावी बाजू, अकरा तास, उलटी दोनदा, उजेड सोसत नाही. मी न सांगता हिनं माझं दुखणं इतकं बारीक टिपलं. डावी बाजू दुखते हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. उलटीचं आठवत नाही, पण दुखण्यात माणसाला कुठे काय आठवतं?

हिला म्हटलं, अशीच भरत जा. ती काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात ऑफिसचा फोन. दोन मजल्यांच्या मध्ये एक बाई अडकल्या होत्या. चाळीस मिनिटं त्यांचं ऐकून घेतलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
हिचा भाऊ येऊन गेला. म्हणाला, ताई फार उतरलीय. म्हटलं, माझ्या ऑपरेशनची धास्ती, दुसरं काय. पुरावा म्हणून तक्ता दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, दाजी, हे तुमचं आहे? म्हटलं, मग काय शेजाऱ्याचं? मग उठून आत ताईजवळ जाऊन बसला. हळवा आहे बिचारा.

उद्यापासून डोकेदुखीच्या गोळ्या बंद. ऑपरेशनआधी शरीर स्वच्छ हवं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
एकच घेतली. म्हणजे सकाळी एकच.

१० मार्च, मंगळवार
मुलगी म्हणाली, बाबा, हळू बोला, आईचं डोकं दुखतंय. मी समजावलं की घरात एका वेळी एकच रुग्ण परवडतो. हिनं गोळी मागितली. पाकीट रिकामं. शेवटची मी दुपारी घेतली होती, पुढे दुखू नये म्हणून. उद्या आणतो म्हटलं.

११ मार्च, बुधवार
आणायच्या राहिल्या. कामं किती.

१९ मार्च, गुरुवार
मोठा दिवस. सोबत जवळचं माणूस हवं म्हणून हिला नेलं. ही खोलीतही काळा चष्मा लावून बसली. रडली असेल.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता ओळ न् ओळ वाचला. म्हणाल्या, बेचाळीस दिवसांत सतरा दिवस. हे अवघड मायग्रेन आहे, अशात तुम्ही कामावर जाता कसे? मी म्हटलं, सोसतो. मग त्यांनी विचारलं, दहा तारखेला दोन उलट्या झाल्यावर तुम्ही सगळ्यांचा स्वयंपाक केलात, असं लिहिलंय ते?

मी म्हटलं, स्वयंपाक? मी?

ही हळूच म्हणाली, तक्ता माझा आहे. कोरा लटकत होता म्हणून भरला. कधीपासून दुखतंय, असं त्यांनी विचारलं. चौदा वर्षं. मी म्हटलं, अगं, मला कधी बोलली नाहीस. ही म्हणाली, बोलले होते. दर वेळी तुमचं जास्त दुखत होतं.

हात दाखवून अवलक्षण. माझी तपासणी पाच मिनिटांत आटोपली: मायग्रेन नाही, चष्म्याचा नंबर तपासा, आणि इतक्या गोळ्या खाल्ल्या तर त्यांनीच डोकं दुखतं. मग बाईंनी खुर्ची हिच्याकडे वळवली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. तासभर. माझं दुखणं एवढं जुनं आणि हिचं कानामागून येऊन तिखट झालं.

२३ मार्च, सोमवार
ऑफिसात सांगितलं, ऑपरेशन रद्द. पण त्या धावपळीत बायकोचा आजार मी शोधून काढला. टाचणी या वेळी काहीच बोलली नाही. ते जास्त टोचलं. वार्षिक तपासणी पुन्हा माझ्या गळ्यात.

२५ मार्च, बुधवार, संध्याकाळी ५
हिचं औषध सुरू झालंय. गुण यायला वेळ लागेल म्हणे. नाही आला तर इंजेक्शन, आणि मग कदाचित ऑपरेशन. हिचं.

आज दुपारी हिचं दुखायला लागलं. मी जवळ बसून धीर देऊ लागलो, ऑफिसात देतो तसा. ही म्हणाली, अहो, बोलू नका. लाज वाटली. गप्प बाहेर आलो आणि मुलीला विचारलं, अशा वेळी आईला काय लागतं?

तिनं वहीतून मान वर न करता सांगितलं: थंड पाण्यात पिळलेला रुमाल, पंखा एकवर, दार लोटायचं पण कडी लावायची नाही, आणि दर तासाला दोन घोट पाणी. तुला कधीपासून ठाऊक, म्हटलं. पहिलीत असल्यापासून, म्हणाली.

सगळं लिहून घेतलं. मग रुमाल कुठल्या कपाटात असतात, ते विचारायला पुन्हा तिच्याकडे गेलो.