गळायची थांबलेली गाडी

६ जानेवारी
सकाळी देवपूजा झाल्यावर गाडीखाली पांढरं पोतं अंथरलं. काल वळण घेताना पुढून कण्हल्यासारखा आवाज आला होता. गिरणी उघडून तासाभरानं येऊन बघितलं. पोत्यावर तांबडे डाग. पॉवर स्टेअरिंगच्या पंपाचं तेल. गाडीला एकोणीस वर्षं झाली.
लेकीला, अनिताला, सातवा लागला. पौष सरला की आणायचं. पहिलं बाळंतपण माहेरी. मुराळी म्हणून तिला आणायला मीच जाणार.

८ जानेवारी
गफूरभाईंच्या गॅरेजवर. पंपाखाली बोट फिरवून वास घेतला त्यांनी. "आतलं रबरी सील गेलंय, दत्तूभाऊ. नवं बसवू, स्वस्तात होतंय. पण शाफ्ट घासला असंल तर परत गळंल. मग भंगारातला पंप बघू. चार दिवस गाडी सोडा."
सोडली नाही. व्याह्यांकडं जाऊन दिवस धरायचा आहे.

११ जानेवारी
नांदूरघाटला जाऊन आलो. व्याही म्हणाले, "आमची गाडी लावून देतो. तुमी कशाला तरास घेता?" दहा माणसं बसली होती. मी म्हणालो, "लेक माझ्या गाडीतून तुमच्या दारात आली, माझ्याच गाडीतून माहेरी येईल." रथसप्तमीचा दिवस ठरला.
येताना धारूरच्या घाटात पंप सारखा कण्हत होता. दोनदा थांबून तेल घातलं.

१३ जानेवारी
मेव्हणा भानुदास, कमलचा भाऊ, आला. पोतं बघून हसला. "दाजी, ह्याला कावून गॅरेज पायजे? थोडं ब्रेकचं तेल घाला. सील फुगतंय, गळती बंद. आमच्या ट्रॅक्टरला केलतं मी."
घातलं. त्यानं सांगितलं खरं, पण बाटली माझ्या हातात होती.

१५ जानेवारी
पोतं कोरडं. कालही कोरडंच होतं. आवाजही नाही. कमल म्हणाली, देव पावला. नारळ फोडला. मन लागलं नाही.

१८ जानेवारी, अमावास्या
तेलगावहून येताना समोर उसाची ट्रॉली. स्टेअरिंग वळवलं तर वळेना. दगड झालं हातात. क्षणभरच. मग आपोआप हलकं. ऊस आरशाला घासून गेला.
घरी बोललो नाही. पोतं कोरडंच. आधी डाग बघून काळजी वाटायची. आता...

२० जानेवारी
गफूरभाईंना सगळं सांगितलं. हातातला पाना खाली ठेवला त्यांनी.
"रबर फुगलंय म्हणून गळत न्हाई. पण आतून मऊ पडत चाललंय. पाइपाचंबी तसंच. एक दिवस एकदम जाईल."
"कवा?"
"ते मला इचारू नका."
"घाटात?"
"म्हणलं ना, इचारू नका."
आता नुसत्या सीलनं भागत नाही. पंप, पाइप सगळंच बदलायचं. भंगारातला पंप बीडहून यायला आठ दिवस. रथसप्तमी पाच दिवसांवर.

२२ जानेवारी
अनिताचा फोन. "आप्पा, मागच्या सीटवर उशी ठेवा. पाठ लई दुखतीया. अन् घाटात हळू चालवा." हो म्हणालो.
हो कसं म्हणालो?
जपाला बसलो. माळ किती फिरली, कळलं नाही. व्याह्यांना फोन करायचा म्हणून दोनदा नंबर काढला. दहा माणसांपुढचं ते वाक्य आठवलं. ठेवून दिला.

२४ जानेवारी
कमलनं उशीला नवा अभ्रा घालून सीटवर ठेवली. तिला खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात भानुदास आला. मुक्कामाला. "दाजी, तुमची झोप झालेली दिसंना. उद्या मीच आणतो तिला. ठरला दिवस मोडू नका." चावी मागितली. दिली नाही. पण चावी खिळ्यावरून काढून घ्यायला त्याला माझी परवानगी लागत नाही.
देवाला फूल लावून कौल घेणार होतो. फूल हातात घेऊन बसलो आणि परत ताटात ठेवलं. देवानं हो म्हटलं असतं तर मी गेलो असतो.

२५ जानेवारी, रथसप्तमी
सूर्याला अर्घ्य दिलं. अंगणात कमलनं रांगोळीचा रथ काढलेला. त्याला वळसा घालून गाडीपाशी गेलो, बॉनेट उघडलं आणि विळ्यानं पंपाचा पट्टा कापला. राहिलेलं तेल खाली सोडलं. आता चावी कुणीही घेतली तरी ही गाडी घाटात जाणार नाही. भानुदास दात घासत बाहेर आला. "दाजी, येड लागलं का काय?" कमल उंबऱ्यात उभी. दोघांच्या देखतच व्याह्यांना फोन लावला. बाटलीपासून सगळं सांगितलं. म्हणालो, "मी त्या दिवशी मोठेपणा केला. तुमची गाडी लावून द्या."
व्याही म्हणाले, "ह्याच गाडीत बसवणार होता तुमी तिला? बघतो. घरात इचारतो." ठेवला.
कमल उंबऱ्यातून आत निघून गेली. दहा वाजून गेले. नांदूरघाटहून फोन नाही. आज पाठवतील, नंतर पाठवतील, का पाठवणारच नाहीत...
सीटवरची उशी घरात आणली.