जोडीचा जाळ

प्रिय द्वारका,

दोर धरून हात सोलले, म्हणून तो दुसऱ्याकडे देऊन सावलीला आलो. वर त्या दोराच्या झुल्यात बसून दोघे जण आपल्या कारखान्याच्या धुराड्याला गुलाबी रंग देताहेत. खाली सगळे रंगाचे थेंब चुकवत हसतात. मीही हसलो.

नीरेकाठी आता बाग होणार, हे तिकडे कन्हेरीत कळलं असेलच. उसाच्या मोळ्या पडायच्या त्या गव्हाणीत पाणी सोडून मासे ठेवलेत. टाइम ऑफिसच्या खिडकीत तिकिटं मिळतील. बंधाऱ्यापाशी बदकांच्या आकाराच्या होड्या आल्यात. मला रखवालदार म्हणून घेतलंय. कारखाना बंद पडल्यावरही मी पाळीच्या वेळी डबा घेऊन थंड बॉयलरपाशी जाऊन बसायचो. तू म्हणायचीस, "तुमी ह्या भट्टीशीच लगीन लावायचं व्हतं. मला कशाला आनली हितं?" आता त्याच जागी बसायचा पगार मिळतो. डबा मात्र नसतो. तुझ्या चुलीत मांजर व्यालीय. तिला उठवलं नाही. स्टोव्हवर चहा करतो.

उद्या उद्घाटन. नव्या साहेबांना कुणीतरी जुनी रीत सांगितली, की हंगामाचा पहिला जाळ कामगार जोडप्याच्या हातचा. शेवटच्या हंगामाला तो मान आपला होता. धुरानं तुला ठसका लागला. पदर तोंडाला लावून तू माझ्या कानाशी म्हणालीस, "घरची चूल कवा पेटवली न्हाय, आन् हितं बघा." साहेबांना तीच जोडी हवी आहे. उद्या एकदाच चिपाडांचा खरा जाळ. परवापासून आत लाल बल्ब. मी हो म्हणून बसलो. तू माहेरी आहेस, येशीलच, असं दिवाळीपासून सगळ्यांना सांगतोय. तेच त्यांनाही सांगितलं.

भटजींना खरं ठाऊक असावं. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "रावजी, मनाला लावून घेऊ नका. बायको जवळ नसली तर तिच्या जागी सुपारी कनवटीला खोचायची. शास्त्राला चालतं." बरं म्हणालो.

हे पत्र भाजीच्या टेम्पोवाला झुंबर आणील. वैष्णवीकडून वाचून घेऊ नकोस. भाची झाली तरी पोर आहे. अक्षर मोठं काढलंय, सावकाश तूच वाच. झुंबर रात्री कन्हेरीलाच राहून सकाळी भाजी भरून इकडे येतो. पुढची सीट रिकामी ठेवायला सांगितलीय. राहायला ये म्हणत नाही. जाळ धरेपर्यंत शेजारी उभी राहा, मग लगेच परत जा. मला सुपारी नकोय, द्वारका.

तुझाच,
रावजी

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. पुढची सीट रिकामी होती. द्वारकाबाईंनी झुंबरच्या हाती फडक्यात बांधून एक सुपारी पाठवली होती. रावजींनी ती कनवटीला खोचली आणि बॉयलर पेटवला.